अर्धवट वाचलेल्या पुस्तकांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'सध्या काय वाचतेय' या टिपणावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा ऐसपैस उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पुस्तक संपवल्याशिवाय त्यावर बोलू नये, अर्धवट पुस्तकांची नावं टाकणं म्हणजे वाचन मिरवणं, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणं हा रिकामपणाचा उद्योग, आणि विष्णुभट गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे सत्तावनच्या बंडाच्या काळातलं प्रवासवर्णन घ्यावं की नाही, ते सरळ एका ओळीत सांगा.

पहिला मुद्दा मला पटलेला नाही. परीक्षण लिहायचं तर शेवटचं पान गाठायलाच हवं, कबूल. पण मी परीक्षण लिहीत नाही. चार पुस्तकवेडी माणसं भेटली की 'काय चाललंय सध्या?' असंच विचारतात, 'काय संपवलंत?' असं कुणी विचारत नाही. शिवाय काही पुस्तकं संपवण्यासाठी नसतातच. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी ज्या त्या महिन्याला तो तो लेख असं वाचतेय. तुमच्या नियमाने मला त्याबद्दल वर्षभर तोंड शिवून बसावं लागेल.

आता गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. टिपण लिहिलं तेव्हा मी झाशीच्या वेढ्यापर्यंत आले होते, आणि हाती होती ती चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या पाठाची प्रत. त्याखाली एका वाचकाने लिहिलं, 'थांबा, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली काढलेली प्रत मिळवा.' वैद्यांनी भाषा साफसूफ केली होती, काही मजकूर गाळला होता. इंग्रजांच्या राज्यात सत्तावनची हकिगत छापायची, तर हात आखडता घेणं समजण्यासारखं आहे. पण भटजी मुळात कसे बोलतात हे ऐकायचं, तर दुसरी प्रत लागतेच. पुस्तक संपवून, मत ठरवून मग मी लिहिलं असतं, तर ही सूचना वरातीमागून घोडं ठरली असती. मी अर्ध्या वाटेवर बोलते ती यासाठी. मिरवायचंच असतं तर संपलेल्यांची यादी जास्त शोभली असती, नाही का?

आणि त्या पुस्तकात रेंगाळावंसं वाटतं, त्याला मी काय करू? घरावर कर्ज, म्हणून वरसईचा हा भिक्षुक ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्याबरोबर उत्तरेला निघतो आणि बंडाच्या धामधुमीत सापडतो. त्याला इतिहास लिहायचा नव्हता, म्हणून त्याला जे दिसतं ते बखरकाराला दिसलं नसतं. काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग घ्या. पठाणी वेशातली, धुळीने माखलेली राणी तहानेने व्याकूळ होऊन येते. भटजी लगबगीने पाणी काढायला जातात, तर ती त्यांना अडवते : तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. आणि मडकं स्वतःच विहिरीत सोडते. झाशी हातची गेलेली, पाठीवर फौज, आणि तरी हा रिवाज सुटत नाही! त्या पानावर मी दोन दिवस अडले होते. तुम्ही म्हणाल, वेग वाढवा. नाही वाढवणार.

दिखाव्याबद्दल एवढंच, की तो आरोप संपलेल्या पुस्तकांवरही तितकाच लागू होतो. तेव्हा तो सोडून देऊ.

राहिली तुमची एक ओळ : घ्या. पोतदारांची प्रत मिळाली तर तीच घ्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा मोठ्या ग्रंथालयात विचारून पाहा. भाषा सुरुवातीला अडखळवते, वाक्यं लांबलचक आहेत. मोठ्याने वाचलंत की चाल सापडते. आणि झाशीपर्यंत पोचलात की संपायची वाट न बघता इथे येऊन लिहा, मी तोवर पुढे सरकलेली असेनच असं नाही.