टेकडीचा हिशेब झाडांत करू नका

सिंगापूरहून नाशिकच्या बातम्या वाचताना एकच गणित सारखं समोर येतं: किती झाडं तोडणार आणि बदल्यात किती लावणार. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांवरून वाद पेटला, तोही याच आकड्यांवर. उद्या हेच गणित पांडवलेणीच्या किंवा चामरलेणीच्या डोंगराला लावलं तर फार महागात पडेल.

इथली, सिंगापूरची बुकित तिमाह टेकडी पाहा. उंची जेमतेम 163 मीटर, चहूबाजूंनी शहर. 1986 मध्ये सहा पदरी द्रुतगती मार्ग झाला आणि तिचं जंगल शेजारच्या मोठ्या पाणलोट वनापासून तुटलं. खवल्या मांजरासारखे सावकाश चालणारे प्राणी रस्ता ओलांडताना गाड्यांखाली मरू लागले. अखेर 2013 मध्ये रस्त्यावर प्राण्यांसाठी 62 मीटर लांबीचा पूल बांधला. मधोमध अरुंद, पण तिथेही 50 मीटर रुंद. वर माती, देशी झाडं-झुडपं, आणि माणसांना मज्जाव. जोडणी तुटल्यापासून हे व्हायला 27 वर्षं गेली. आणि सिंगापूरला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. मूळ जंगल या देशानं कधीच जवळपास संपवलं होतं.

नाशिकच्या टेकड्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. बेसॉल्टच्या कातळावर माती वीतभर. रोपासाठी दीड फुटाचा खड्डा घेतला की खाली पाषाण लागतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळं कुजतात, आणि मार्चमध्ये तोच खड्डा कोरडा ठणठणीत. मग जगते ती उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड. ती दाटली की खालचं गवत मरतं, आणि गवतात घरटं करणारा चंडोलही जातो. कागदावर मात्र लक्ष्य पूर्ण!

त्यापेक्षा खर्च राखणीवर करा. गवत पुरतं वाळायच्या आत, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे काढा, चराई थांबवा. तोडलेल्या पळसाला, धावड्याला बुंध्यातून आपोआप फुटवे येतात. वणवा आणि कुऱ्हाड चुकली की ते रोपांपेक्षा लवकर वर येतात. म्हसरूळपुढच्या बोरगडला 2008 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तसा तो इतर टेकड्यांनाही मागायला हवा.

आणि कुंभाच्या निमित्तानं होणाऱ्या रिंग रोडबद्दल एक मागणी आत्ताच लावून धरा: रस्ता जिथे डोंगराची धार किंवा ओढा ओलांडतो, तिथे नुसता पाइप टाकू नका. प्राणी कोरड्या पायानं जाऊ शकतील एवढ्या रुंद मोऱ्या हव्यात, आणि त्या आराखड्यातच दाखवलेल्या हव्यात.