लेण्याद्रीचा फॉरवर्ड आणि शेजारचं लेणं

अष्टविनायक सहलीची बस ठरली की आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. यंदाही पडला : ‘लेण्याद्री हे पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं गणेशमंदिर. बौद्धांचा काडीचा संबंध नाही, एक तरी बुद्धमूर्ती दाखवा! खांबाविना एवढा मंडप, हा चमत्कारच. आणि देवाच्या दारात सरकार तिकीट फाडतं!’

पांडवांचं आधी उरकतो. आपल्याकडे कोरलेला कातळ दिसला की तो पांडवांच्या खात्यावर जमा होतो. इथली तीसेक लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली.

बुद्धमूर्ती मागणाऱ्यांनी गणपतीच्या शेजारच्या ६ नंबरच्या लेण्यात डोकवावं. दर्शन झालं की माणसं थेट पायऱ्या उतरतात. पहिल्या खेपेला मीही उतरलो होतो. आत दोन्ही बाजूंना खांब, त्यांवर हत्ती-सिंह आणि टोकाला कातळातलाच स्तूप. त्या काळी वंदन स्तूपालाच करत, मूर्ती पुढे आल्या. तिथे ब्राह्मी लिपीत लेखही आहे : कल्याणच्या सुलसदत्ताने हे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह, दान दिलं. थोडक्यात, देणगीदाराची पाटी! आपण देवळाच्या फरशीवर आजोबांचं नाव घालतो, तशी.

आता चमत्कार. गणपतीचं ७ नंबरचं लेणं म्हणजे मुळात भिक्खूंचा विहार, त्यांची राहायची जागा. सतरा मीटरच्या वर लांब दालन आणि तीन बाजूंना २० खोल्या. खांब नाहीत, कारण हे बांधलेलंच नाही, पोखरलेलं आहे. छत म्हणजे वरचा अख्खा डोंगर. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून गाभारा केलाय. गिरिजात्मजापुढे आपण हात जोडतो, ती जागा कधीकाळी भिक्खूंची निजायची खोली होती. मला तरी यात कमीपणा वाटत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर स्मारक संरक्षित आहे, पुरातत्त्व खात्याकडे आहे. अजिंठ्यालाही तिकीट लागतंच की.

याचा उलटा मेसेजही फिरतो, ‘गणपती काल-परवा आणून बसवला’ म्हणणारा. तोही तितकाच पोकळ. कित्येक पिढ्या हा डोंगर चढून गणपतीला येतायत, आणि स्तूपाला वंदन करणारेही त्याच पायऱ्यांनी येतात.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांची सीट यंदा माझ्या शेजारीच आहे. दर्शन झालं की त्यांना ६ नंबरला नेणार, गुडघे कुरकुरले तरी.