म्हणे, कोबीचे गड्डे समजा!

आमच्या गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर दर दिवाळीला तोच फॉरवर्ड फिरतो. स्टेजची भीती वाटते म्हणजे रियाज कच्चा, समोरचे सगळे कोबीचे गड्डे समजा, अगदीच हात कापायला लागले तर धडधडीची अर्धी गोळी घ्या. यंदा दोन पोरं पाडवा पहाटला पहिल्यांदाच गाणारेत म्हणून लिहितोय, नाहीतर कोण वाद घालतंय.

रियाज कच्चा? पाब्लो कॅसल्स एवढा मोठा चेलोवादक, तो म्हातारपणीही कार्यक्रमाआधी घाबरायचा. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसंड १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गाण्याचे शब्द विसरली आणि पुढे वर्षानुवर्षं तिकिटाचे शो टाळत राहिली. यांना काय रियाज कमी पडला होता? अ‍ॅड्रेनलिन चढलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोटं गार पडतात, त्यात आपल्या नाशकातली पहाटेची थंडी, पेटीवर बोटं नाही लाकडं फिरतात. माझ्या पहिल्या वेळी मी घरी शंभरदा गायलेलं भजन दुप्पट लयीत सुरू केलं, तबलजी डोळे वटारून बघतोय आणि मला वाटतंय वा काय रंगलंय! अंतऱ्याला शब्दच गेले. कारण घरी मी कायम पहिल्या ओळीपासूनच म्हणायचो, मधूनच उचलायची सवयच नव्हती. आता अंतऱ्यापासून सुरू करून बघतो, आणि चुकलंच तर मुखडा धरून समेवर यायचं, तबलजीशी लय आधीच ठरवून. हा रियाज बंद खोलीत होत नाही, चार माणसं समोर लागतात, मग शेजारच्या काकू का असेनात.

कोबीचं तर बोलूच नका. कोबी दाद देतो का? दुसऱ्या रांगेत मान डोलवणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांच्याकडे बघत मी दुसरं भजन निभावलं.

गोळीचं मात्र मस्करीत नको. ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल, दम्याच्या माणसाला धोक्याची. डॉक्टरला न विचारता कोणाच्या पाकिटातली अर्धी तोडून घ्यायची नाही म्हणजे नाही.

आणि 'शांत हो, शांत हो' म्हणून कोण शांत झालंय? २०१४ ला हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना कराओकेवर गायला लावलं, तर 'मला टेन्शन आलंय' म्हणून सुरुवात करणाऱ्यांपेक्षा 'मी एक्साइट झालोय' म्हणणारे जास्त सुरात गायले. फुकटचं आहे, करून बघा.

तर पोरांनो, रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या गच्चीवर. स्वेटर घाला, पेटी मी वर आणून ठेवतो, काकूंना सांगून ठेवलंय.