कादंबरी, काका आणि कुकर

मुंबईत जागेची टंचाई आहे, पाण्याची आहे, पार्किंगची आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शांततेची टंचाई मात्र पॉडकास्टसाठी हौसेने माइक विकत घेतल्यावरच कळते. आणि माइक घेणाऱ्या बाईला त्याच घरात, त्याच वेळात पहिलीवहिली कादंबरीही लिहायची असेल, तर एका नळावर दोन बादल्या लावून बसल्यासारखं होतं. पाणी येतं रात्री साडेअकराला, तेही आलं तर.

आम्ही दादर पूर्वेला राहतो, टीटीच्या सर्कलजवळ. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी टॅक्सीत बसून ‘टीटी’ म्हटलं की टॅक्सीवाला मीटर टाकतो. माझी दोन्ही खुळं तिथूनच सुरू झाली. कादंबरीचा नायक ट्रामचा कंडक्टर, काळ १९६३-६४. पॉडकास्ट मुंबईच्या ट्राम आणि बसवर. विषय एकच, तेव्हा एका दगडात दोन पक्षी, असा माझा हिशेब होता आणि तो घरात सगळ्यांना पटलाही. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईचा हिशेब लोकांना उगाचच पटतो.

पॉडकास्टचे खरे स्टार म्हणजे काका, माझे चुलत सासरे. बेस्टच्या बसवर कंडक्टर म्हणून लागले, स्टार्टर, म्हणजे बस वेळेवर सोडणारे, होऊन रिटायर झाले. त्यांचे वडील ट्रामवर होते. काकांना बोलायला लागतं ते फक्त समोर कुणीतरी. माइक नसला तरी चालतं.

रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममध्ये होतं. मोकळ्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि घुमतो, म्हणून कपाटाची दोन्ही दारं उघडी ठेवून साड्यांसमोर बसायचं, शिवाय डोक्यावरून गोधडी. पंखा बंद, कारण माइक कंडेन्सर आहे. तो घेताना दुकानदार कौतुकाने म्हणाला होता, ‘मॅडम, टाचणी पडलेली पण पकडतो.’ खरं आहे. टाचणी पकडतो, खालच्या मजल्यावरची फोडणी पकडतो, समोरच्या रीडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग तर प्रेमाने पकडतो. एप्रिल-मेमध्ये गोधडीखाली काका बनियनवर, मी गाऊनवर, दोघं घामाने निथळतोय, आणि काका घोड्यांच्या ट्रामबद्दल सांगतायत.

त्या भागाची गंमत सांगायलाच हवी. मुंबईत पहिली ट्राम १८७४ साली धावली, ती घोड्यांनी ओढलेली. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडत, आणि सुरुवातीला तिकीटच देत नसत. मी हे वाचून दाखवलं आणि काका गोधडी फेकून उठलेच. ‘तिकीट नाही? पैसे घेतले आणि तिकीट नाही? चेकर काय करत होते?’ मी म्हटलं, ‘काका, दीडशे वर्षं झाली.’ ‘झाली असतील. सस्पेंडच व्हायला पाहिजे होते सगळे.’ रागाच्या भरात त्यांनी खिशातून नेलकटर काढून टिक् टिक् टिक् वाजवायला सुरुवात केली. हा आमचा तिकीट-पंचचा आवाज. पंच डेपोत जमा करावा लागायचा, नेलकटर घरीच राहतो. त्याच क्षणी जिन्यातली लिफ्ट कुणीतरी उघडी टाकली आणि बाई बोलायला लागली, ‘प्लीज क्लोज द डोअर, प्लीज क्लोज द डोअर.’ १८७४ सालच्या त्या भागात ती बाई अजून आहे. एका श्रोत्याने कौतुकाने विचारलं, पार्श्वध्वनीची कल्पना कुणाची?

ट्रामच्या घंटेसाठी मी सासूबाईंकडे देवघरातली घंटा मागितली होती. ट्रामचा ड्रायव्हर पायाने दाबून घंटा वाजवायचा, हे त्यांनी आमच्याच गप्पांतून ऐकलेलं. ‘पायाने वाजवायच्या घंटेसाठी माझी देवाची घंटा?’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आमची ट्राम पितळी तांब्यावर चालते.

रेकॉर्डिंग हे सोपं काम. पुढे एडिटिंग. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला आधी थोडी शांतता ऐकवायची, म्हणजे नुसती खोलीची घरघर. मग तो ती घरघर ओळखून सगळीकडून पुसून काढतो. फ्रिजची घरघर जाते. कावळा जात नाही, कुकर जात नाही. हट्टाने पुसत राहिलं तर कुकर तसाच राहतो आणि काकांचा रोबोट होतो. शिवाय काकांचं पालुपद आहे, ‘आता काय झालं माहितेय का.’ अर्ध्या तासाच्या भागातून मी ती सगळी एकेक करून कापते. कापता कापता रात्रीचा एक वाजतो, शेवटच्या लोकल जातात, समोरचा वॉचमनही रेडिओ बंद करतो. कादंबरी लिहायला याहून चांगली वेळ मुंबईत मिळणार नाही. मी फाइल उघडते. माझा कंडक्टर फुटबोर्डवर उभा असतो, वाट बघत. तो तोंड उघडतो आणि म्हणतो, ‘आता काय झालं माहितेय का.’

मी लॅपटॉप मिटते.

दर पंधरवड्याला भाग टाकावाच लागतो. शुक्रवार उलटला की व्हॉट्सअ‍ॅप सुरू. नाशिकची मावशी विचारते, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ मागच्या भागातल्या बसचा मार्ग दुरुस्त करून पाठवतात. कादंबरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मग हाताशी जे जे चांगलं लागेल ते पॉडकास्टच्या ताटात पडतं. काका एखादी बहारदार हकिकत सांगतात, मी मनात म्हणते, ही नायकासाठी राखून ठेवू. शुक्रवार येतो, राखीव माल बाहेर निघतो. बरं, एकदा तोंडाने रंगवून सांगितलेली गोष्ट कागदावर उतरायला तयार होत नाही. माझ्या मेंदूच्या लेखी ते काम झालेलं असतं. वाहवा मिळालेली असते, वर मावशीचा अंगठाही आलेला असतो.

सगळ्यात मोठा दरोडा पडला तो ३१ मार्चला. १९६४ साली त्याच दिवशी मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, माणसांनी ठासून भरलेली. माझ्या कादंबरीचा शेवट तोच. मी तो दोन वर्षं जपला होता, काकांनाही त्या विषयाकडे फिरकू देत नव्हते. पण तारीख जवळ आली आणि काकांनी विचारलं, ‘३१ मार्चला ही ट्राम नाही काढायची, तर काय गणपतीत काढायची?’ याला उत्तर नाही. शिवाय ३१ मार्च म्हणजे आमच्या बँकेत इयर एंडिंग. रात्री उशिरा आकडे जुळवून घरी आले, तशीच गोधडीत शिरले. काकांनी वडिलांकडून ऐकलेली ती रात्र सांगितली, आणि काय सांगितली! टीटीपर्यंत दुतर्फा लोक, खिडक्यांत बायका, आणि वडील घरी येऊन पायातले बूट न काढता तसेच बसून राहिलेले. मी रडले. माइकने तेही पकडलं. तो आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग आहे. आता मला कादंबरीसाठी दुसरा शेवट शोधायचाय आणि मुंबईतली शेवटची ट्राम काही दोनदा सुटलेली नाही.

घरी जमत नाही तर लोकलमध्ये लिहू, म्हणून दादर ते सीएसएमटी बोलून टाइप करायचा प्रयोग केला. फोन तोंडाशी धरून पुटपुटायचं. लेडीज डब्यातल्या बायका सुरुवातीला जप समजून जागा द्यायच्या. संध्याकाळी मजकूर वाचला: ‘खचाखच भरलेली राम वळणावर आली, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला पुढील स्टेशन चिंचपोकळी.’ मला ते वाक्य वाईट वाटलं नाही, हीच काळजीची गोष्ट आहे.

या सगळ्यात कादंबरीला एक वाचक मिळाला, तो माझ्या नकळत. पहिली काही प्रकरणं बँकेतल्या प्रिंटरवर छापून मी उशीखाली ठेवली होती. एका रविवारी सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या,

‘त्रेसष्ट साली मामंजींना चार मुलं होती.’ मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, काकांचे ट्रामवाले वडील.

‘बरं?’

‘मग हे गिरगावातल्या मुलीचं काय लिहिलंयस?’

‘अहो आई, ते मामंजी नाहीत. कादंबरीतला नायक आहे तो. कल्पनेतला.’

‘कल्पनेतल्याच्या नाकावर डावीकडे तीळ कसा?’

मी गप्प. त्यांनी कांदा बाजूला केला, सुरी खाली ठेवली. ‘मुलगी चांगली आहे पण,’ त्या म्हणाल्या. ‘देशील ना करून?’

तेव्हापासून घरात कायदा झाला. पॉडकास्टसाठी कुकर थांबणार नाही, काकांनी ‘वहिनी, पाच मिनिटं’ म्हणून कितीही हात जोडले तरी. कादंबरी लिहायला बसणार असेन तर मात्र कुकर बंद, मिक्सर बंद, टीव्ही मुका. खरं तर लिहिताना मला शिट्ट्यांचा काडीचा त्रास होत नाही, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

काकांच्या डोक्यात आता ट्रॉलीबस आहे. १९६२ साली आली, १९७१ला गेली, वरती विजेच्या तारा आणि खाली टायर. ‘तीन भाग तरी होतील,’ ते म्हणतात. काल संध्याकाळी मी जाहीर केलं की लिहायला बसतेय आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. भात शिजायचा थांबला. कपाट उघडलं, गोधडी घेतली, माइक लावला. काकांनी घसा खाकरला.

‘अगं,’ दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या, ‘लिहायला बसलीस तर भाऊजी आत कशाला?’

‘संदर्भाला, आई.’

बाहेर जरा विचार झाला असावा.

‘मग त्यांना विचार, त्या मुलीचं गोत्र कुठलं ठेवायचं.’