हॅम्पला गोळ्या कुणासाठी घातल्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. 'किंग अँड कंट्री' या सिनेमाबद्दलचं माझं लिखाण तुम्हाला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते तुम्ही मोघम न ठेवता सांगितलंत, त्याबद्दल आभार. उमेदीची सगळी वर्षं गणवेशात काढलेल्या माणसाला हा सिनेमा पाहून संताप यावा यात नवल नाही. 'पळपुट्याची आरती ओवाळणारा सिनेमा' हे तुमचे शब्द. जे खंदकात टिकून राहिले त्यांचा हा अपमान आहे, असं तुम्ही म्हणता. त्याशिवाय तुमचे आणखी तीन आक्षेप आहेत. मृत्युदंड झालेल्या १० जणांपैकी ९ जणांची शिक्षा कमी केली जात असे, ते दिग्दर्शक सांगत नाही. डॉक्टरचं पात्र म्हणजे निव्वळ व्यंगचित्र आहे. आणि वचक नसेल तर फौज चालत नाही, एवढं साधं सत्य या कलावंत मंडळींना कळत नाही. शेवटी तुम्ही मला एक थेट प्रश्न विचारलाय. त्याच्याकडे शेवटीच येतो.

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात कथा. जोसेफ लोझीचा हा १९६४ सालचा ब्रिटिश कृष्णधवल सिनेमा. साल १९१७, पहिल्या महायुद्धातली बेल्जियममधली पाशेंडेलची लढाई. आर्थर हॅम्प हा साधा शिपाई युद्धाच्या सुरुवातीलाच आपणहून भरती झालाय आणि आता त्याच्या कंपनीतला तो एकटाच जिवंत उरलाय. एक दिवस तो तोफांकडे पाठ करून चालू लागतो. बायकोनं दुसरं कुणी गाठल्याचंही त्याला कळलेलं असतं. दिवसभराहून जास्त चालल्यावर लष्करी पोलीस त्याला पकडतात. कोर्ट मार्शलमध्ये त्याचा बचाव करायचं काम कॅप्टन हारग्रीव्ह्जवर येतं. न्यायालय त्याला दोषी ठरवतं, पण दया दाखवावी अशी शिफारस करतं. वरून उत्तर येतं की शिक्षा अंमलात आणा. पलटण पुन्हा आघाडीवर निघालीय, माणसांसमोर उदाहरण हवंय.

आता आरतीबद्दल. हॅम्प पळाला हे सिनेमा कुठेच नाकारत नाही. त्याला शहाणा, तत्त्वनिष्ठ किंवा युद्धाला मनातून विरोध करणारा असंही दाखवत नाही. टॉम कोर्टनीनं उभा केलेला हा पोरगा बावळटच आहे. वकिलाला मदत होईल असं एक धड वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. का गेलास असं विचारलं की फिरायला निघालो होतो, घराकडे चाललो होतो, आवाज सहन होईना, असं काहीतरी तुटक सांगतो. हारग्रीव्ह्ज चिडतो. प्रेक्षक म्हणून आपणही चिडतो. अरे बाबा, तुझ्या जिवावर बेतलंय, काहीतरी नीट बोल! कोर्टनीला या भूमिकेसाठी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, ते या न बोलता येण्यासाठीच मिळालं असावं असं मला वाटतं.

हॅम्पला एखादं जोरदार भाषण दिलं असतं तर लोझीचं काम सोपं झालं असतं. युद्ध कसं निरर्थक आहे ते त्यानं न्यायालयाला सुनावलं असतं, आपण टाळ्या वाजवल्या असत्या, आणि तुमचा आक्षेपही रास्त ठरला असता, कारण मग सिनेमा खरोखरच पळून जाण्याची वकिली करत राहिला असता. इथे तसं होत नाही. त्याच्याजवळ कारणच नाही. आणि कायद्याला नेमकं तेच हवं होतं. ब्रिटिश लष्करी कायद्यात 'पळून जाणं' आणि 'विनापरवानगी गैरहजर राहणं' हे दोन वेगळे गुन्हे होते. फरक हेतूचा. परत यायचं नाही किंवा पुढची कामगिरी टाळायची, हा इरादा सिद्ध झाला तर मृत्युदंड देता येई. तो सिद्ध झाला नाही तर शिक्षा बरीच सौम्य. ज्याला स्वतःच्या डोक्यात त्या दिवशी काय चाललं होतं हेच सांगता येत नाही, त्याचा इरादा ठरवायला काही अधिकारी ओल्या, कोंदट जागेत बसलेत. हॅम्पला नायक मानायची गरज नाही. या खटाटोपात ठरतंय ते नक्की काय, एवढं पाहिलं तरी पुरे.

तुमचा आकड्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी ३,०००हून जास्त मृत्युदंड सुनावले. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या ३४६ जणांना. त्यातले २६६ जण पळून गेल्याबद्दल. म्हणजे साधारण १० पैकी ९ जण वाचले. यावरून तुम्ही म्हणता की व्यवस्था दयाळू होती आणि लोझीनं अपवाद उचलला.

मला हाच आकडा उलटा वाचावासा वाटतो. निकाल न्यायालयात संपत नसे. कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी असे एकेक पायरी चढत सरसेनापतीपर्यंत जात आणि अखेरची सही त्याची. वाटेत प्रत्येक पायरीवरचा अधिकारी आपला शेरा मारी. शिपाई लढायला कसा आहे, त्याच्या पलटणीत शिस्तीची स्थिती काय, गुन्हा जाणूनबुजून केलाय का. यातल्या मधल्या प्रश्नाकडे जरा बघा. पलटणीतली शिस्त! तिचा त्या एका माणसाशी काय संबंध? एकच कृत्य केलेले दोन शिपाई, एकाची पलटण चोख, दुसऱ्याच्या पलटणीत गेल्या महिन्यात चार जण गैरहजर. पहिला तुरुंगात जाणार, दुसरा खांबाला बांधला जाणार. हॅम्पचं नेमकं हेच होतं. न्यायालयानं दया मागितली होती, ती त्याच्या गुन्ह्यात काही नवं सापडलं म्हणून फेटाळली गेली नाही. पलटण दुसऱ्या दिवशी पुढे जाणार होती म्हणून फेटाळली गेली. दहातला दहावा निवडायचा कसा, याचं उत्तर सिनेमानं दिलंय आणि ते इतिहासाला धरून आहे.

शिवाय १० पैकी ९ सुटतात हे खाली बसलेल्यांनाही ठाऊक असणारच. मला तर वाटतं, त्यामुळेच मृत्युदंड लिहिणं सोपं जात असेल. आपण कलमाप्रमाणे लिहायचं, दयेची शिफारस जोडायची, वरचे बघून घेतील. वरच्यांना मात्र माणूस दिसत नाही, कागद दिसतो, आणि कागदावर खालच्या सगळ्यांनी त्याला दोषी म्हटलेलं असतं.

डॉक्टरबद्दल. लिओ मॅकर्नचा हा डॉक्टर प्रत्येक दुखण्यावर जुलाबाच्या गोळ्या देतो आणि हॅम्प भेदरलाय, बाकी काही नाही, असं ठामपणे सांगतो. पात्र थोडं भडक रंगवलंय, मान्य. पण काळ बघा. 'शेल शॉक' (तोफमाऱ्याखाली राहून शिपायाच्या मनावर होणारा आघात) हा शब्द 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून १९१५ सालीच पुढे आला होता. १९१७ साली लष्करानंच त्याच्या वापरावर बंधनं घातली आणि अशा रुग्णांच्या चिठ्ठीवर 'निदान बाकी, मज्जासंस्थेचा त्रास' अशा अर्थाची अक्षरं लिहायला सांगितली. शब्द पसरला तर आजारही पसरेल अशी वरिष्ठांना धास्ती होती. त्या वर्षी एका थकलेल्या लष्करी डॉक्टरनं हॅम्पला आजारी म्हणायला नकार दिला, यात व्यंगचित्र कमी आणि नोकरी जास्त आहे.

सिनेमा अतिशयोक्ती करतो म्हणालात, म्हणून हॅरी फारची आठवण करून देतो. हा शिपाई १९१५ साली शेल शॉकमुळे पाच महिने इस्पितळात होता. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला भेकडपणाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. त्याच्या खटल्यात बचावाला कुणी अधिकारी नव्हता, स्वतःची बाजू त्यानं स्वतःच मांडली. हॅम्पला निदान हारग्रीव्ह्ज तरी मिळाला. अतिशयोक्ती असलीच तर ती लष्कराला झुकतं माप देणारी आहे.

वचकाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. आघाडीवर शेजारचा माणूस उद्या जागेवर असेल की नाही, ही खात्री नसेल तर काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. पण वचक म्हणजे मृत्युदंडच का? त्याच पाशेंडेलच्या चिखलात ऑस्ट्रेलियाच्या डिव्हिजन लढत होत्या. त्यांच्या स्वतःच्या कायद्यामुळे ब्रिटिश सेनापतीला त्यांच्या माणसांना पळून जाण्याबद्दल गोळ्या घालता येत नव्हत्या. त्यांच्यात गैरहजेरी जास्त होती, ब्रिटिश अधिकारी त्याबद्दल कुरकुरतही असत. पण ते लढायला कच्चे होते असं त्यांच्या शत्रूनंही म्हटलं नसतं. पुढे १९३० साली ब्रिटननं पळून जाणं आणि भेकडपणा या दोन्ही गुन्ह्यांसाठीची देहान्ताची शिक्षा रद्द केली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक लाख ब्रिटिश सैनिक पळाले. १९४२ साली उत्तर आफ्रिकेतून सेनापती ऑकिनलेकनं ही शिक्षा परत आणा अशी मागणी केली, सरकारनं ती मानली नाही. एकालाही त्यासाठी गोळी घातली नाही आणि ती फौज युद्ध हरली नाही. एक लाख हा आकडा लहान नाही, तुम्ही तो तुमच्या बाजूनंही वापरू शकता. मला त्यातून एवढंच दिसतं की 'याशिवाय फौज चालत नाही' हे वाक्य १९१७ साली जितकं उघड सत्य वाटत होतं तितकं ते नव्हतं.

टिकून राहिलेल्यांचा अपमान म्हणता, तर सिनेमातले टिकून राहिलेले काय करतात? हॅम्पचे सोबती त्याच्या शेवटच्या रात्री दारू घेऊन त्याच्याकडे येतात आणि त्याला इतकी पाजतात की उद्याचं भान राहू नये. त्यांच्यापैकी कुणी त्याला गद्दार म्हणत नाही. सकाळी बंदुका त्याच्यावर रोखायच्यात त्या त्याच्याच फौजेतल्या माणसांनी, आणि त्यांचे नेम चुकतात. नेम चुकणं मुद्दाम की हात थरथरल्यामुळे, हे सिनेमा सांगत नाही. हॅम्प मरत नाही. मग हारग्रीव्ह्ज चिखलात त्याच्याजवळ खाली वाकतो. संपलं नाही का अजून, असं त्याला विचारतो. नाही साहेब, माफ करा, असं उत्तर येतं. आणि हारग्रीव्ह्ज पिस्तूल त्याच्या तोंडात घालून चाप ओढतो. हारग्रीव्ह्जची भूमिका करणाऱ्या डर्क बोगार्डच्या चेहऱ्यावर तेव्हा रडू नाही, राग नाही. नेमून दिलेलं काम पुरं करणाऱ्याचा चेहरा आहे तो. मरता मरता माफी मागतोय तो शिपाई, कारण साहेबाचा खोळंबा झाला! घरी तार जाते ती 'लढाईत मारला गेला' अशी. म्हणजे ज्या उदाहरणासाठी त्याला मारलं, ते उदाहरण घरच्यांना सांगण्याची लाज लष्करालाही वाटली.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याबरोबर आहे. शिपाई उंदराला पकडून त्याच्यावर खटला भरतात तो प्रसंग मलाही खटकतो. खऱ्या खटल्याशी त्याचं साम्य इतकं ठसठशीत आहे की दिग्दर्शक कोपरानं ढोसतोय असं वाटतं. मुळात हे नाटक होतं आणि तो सांगाडा सिनेमात ठिकठिकाणी टोचतो, हेही खरं. लढाई अजिबात दाखवली नाही ही तुमची तक्रार मात्र मला मान्य नाही. तोफा सतत ऐकू येतात, पाऊस थांबत नाही, उंदीर मेलेल्या घोड्यात शिरतात. हॅम्प ज्यापासून दूर चालत गेला ते आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. त्याच्यासारखंच.

आता तुमचा प्रश्न. त्या न्यायालयात बसलेल्या अधिकाऱ्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं?

इरादा सिद्ध झालेला नाही, म्हणून ही फक्त गैरहजेरी धरावी, असं मी म्हटलं असतं, असं लिहायला मला आवडलं असतं. त्या न्यायालयात देहान्तासाठी सगळ्यांचं एकमत लागे, त्यामुळे एकट्यानं मान हलवायला नकार दिला असता तरी भागलं असतं. पण शेजारी अनुभवी वरिष्ठ बसलेत, डॉक्टर तब्येत ठणठणीत म्हणतोय, पोरगा स्वतःच घरी चाललो होतो असं कबूल करतोय, आणि उद्या आपल्यालाही त्याच चिखलात उतरायचंय. मला वाटतं, मीही बाकीच्यांसारखाच दोषी असं लिहिलं असतं, खाली दयेची शिफारस जोडली असती आणि आपल्याकडून होण्यासारखं होतं तेवढं केलं असं समजून जेवायला गेलो असतो.