कोळसा जळून 'नाहीसा' होत नाही

खानापूरच्या माझ्या भाचीची यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी आहे. परवा रात्री तिचा फोन आला. "मामा, द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं हा नियम, खोटा आहे म्हणे. मग दोन्ही बाजूंचे अणू जुळवून रासायनिक समीकरणं संतुलित कशाला करायची?" घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं वाचून दाखवला. लाकडाची मूठभर राख होते, म्हणजे वस्तुमान संपतं. आइन्स्टाइननं हा नियम मोडीत काढला. समीकरण जुळत नसेल तर सूत्रातले पायाचे अंक (अक्षराखाली लिहिलेले छोटे आकडे) बदलावेत. आणि कोळसा जळून नाहीसा होतो, म्हणून धूर नसला की बंद खोलीतही शेगडी चालते!

हे शेवटचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात कपडे वाळवायला, शेकायला शेगडी घरात येतेच. कोळशातला १२ किलो कार्बन ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. दारं-खिडक्या लावल्या, हवा कमी पडली, की त्यातला काही कार्बन अर्ध्याच ऑक्सिजनवर भागवतो. १२ ला १६, आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर नाही, निखारे छान लाल आहेत, आणि माणूस झोपेतच जातो. हा ३२ आणि १६ मधला फरक समीकरण संतुलित केल्यावरच दिसतो. कशाला करायचं, तर यासाठी.

लाकडाचंही तेच. राख तोलली, वायू आणि वाफ कोण तोलणार? लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७७४ साली काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं. कथलाचं भस्म झालं, तरी भांड्याचं एकूण वजन तेवढंच राहिलं. तोंड उघडल्यावर हवा आत शिरली, तेव्हा कुठे ते वाढलं. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढा एक प्रयोग वाचला असता तरी पुरे होतं.

पायाचा अंक बदलला की पदार्थच बदलतो. एच२ओ मधल्या ओ खाली २ लिहा, पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. अंक लिहायचा तो सूत्राच्या आधी.

आइन्स्टाइनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. उष्णता बाहेर पडली की वस्तुमान घटतं. पण १४.२ किलो गॅसचा अख्खा सिलिंडर जाळल्यावर ही घट भरते सुमारे ७ मायक्रोग्रॅम, आणि त्याच जळण्यातून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी बाहेर पडतं. दहावीच्या समीकरणात त्या ७ मायक्रोग्रॅमचं काय घेऊन बसायचं?

भाचीला हे सगळं सांगितलं. मग ताईला फोनवर घेतलं आणि शेगडी त्याच रात्री पडवीत ठेवायला लावली.