रशियात धंदा मांडणाऱ्या पाहुण्यांस

समजा साल 2001 आहे, खिशात पैसा खुळखुळतोय आणि रशियात कारखाना टाकायची तुम्हाला हुक्की आलीय. उत्तम! कायद्याची पुस्तकं तेवढी विमानतळावरच ठेवा, उगाच ओझं.

पगारापासून सुरुवात करू. दडवलेलं उत्पन्न उजेडात यावं म्हणून सरकारने यंदाच प्राप्तिकर सरसकट 13 टक्क्यांवर आणलाय. पण मालकाच्या बोकांडी पेन्शन-विम्यासाठीचा सामाजिक कर आहेच, 35.6 टक्क्यांपर्यंत. तुम्ही तो मुकाट भराल, कारण हेड ऑफिसात ऑडिटर बसलाय. शेजारचा कारखानदार कागदावर चिमूटभर पगार दाखवतो आणि उरलेला पाकिटात घालून देतो. वर नाव, आत नोटा, सहीची भानगड नाही. एवढी रोकड येते कुठून? तर ‘एकदिवसीय’ कंपनीतून. तिला ‘सल्ल्याचे’ पैसे बँकेतून द्यायचे, ती आपलं कमिशन कापून रोख परत करते आणि करखात्याचा माणूस पत्त्यावर पोचेपर्यंत तिथे कुलूप. तुमचा फिटर दोन्हीकडचा हातात पडणारा आकडा बघतो आणि शेजारी जातो. त्याला पेन्शनचं महत्त्व पटवायला जाऊ नका. त्याची आयुष्यभराची बचत 1992 च्या महागाईत विरघळलीय.

मग ‘क्रिशा’ बघा. शब्दाचा अर्थ छप्पर, म्हणजे पैसे मोजून घेतलेलं संरक्षण. नव्वदीत ते गुंडांकडून भाड्याने मिळायचं, पुढे वर्दीवालेही त्या धंद्यात उतरले. पावती कोणीच देत नाही, त्यामुळे ऑडिटरला काय दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

‘आम्ही एक रूबलही टेबलाखालून देणार नाही’ असा बाणा असेल तर आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीला गुरू करा. 2000 मध्ये मॉस्कोजवळ दुकान उघडायच्या तोंडावर विजेसाठी हात ओले करायची मागणी आली. स्वीडिश मंडळी बधली नाहीत, त्यांनी अख्खा मॉल चालेल एवढे डिझेल जनरेटर भाड्याने आणले. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की जनरेटर भाड्याने घ्यायचं काम पाहणारा आपलाच माणूस भाडं फुगवून मधे खातोय. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! 2001 च्या जरा पुढचंही सांगतो: 2009 मध्ये कंपनीने रशियातली नवी गुंतवणूक थांबवली आणि 2010 मध्ये दोन बड्या अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. कारण? विजेसाठी कंत्राटदाराने लाच दिली, तिकडे त्यांनी काणाडोळा केला.

खरं शहाणपण सायप्रसवाल्यांकडे. रशियातल्या परदेशी गुंतवणूकदारांच्या यादीत हे चिमुकलं बेट वर्षानुवर्षं वरच्या रांगेत. भारतात मॉरिशसमार्गे येणाऱ्या ‘परदेशी’ पैशाचं नाव काढताच ज्यांना गालातल्या गालात हसू येतं, त्यांना अधिक सांगणे न लगे. सायप्रसहून येणाऱ्या गुंतवणुकीतला बराच पैसा मॉस्कोतूनच निघतो, समुद्राची हवा खातो आणि सुटाबुटात ‘परदेशी’ होऊन घरी परततो. कोणाला धरायचं, कुठे काय चारायचं, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

तेव्हा परदेशी व्हायचंच तर आधी रशियातले व्हा. मग सायप्रसच्या लिमासोल शहरात एक खोली घ्या आणि दारावर कंपनीची पितळी पाटी ठोका. जागा मिळेल तिथे ठोका, त्या दारावर आणखी चाळीस पाट्या असतील.